डॉलरमागे अर्धा सेंट

डॅलस आणि फोर्ट वर्थ ही टेक्सासमधली दोन मोठी शहरं. त्यांच्या बरोबर मधे आर्लिंग्टन वसलेलं आहे. जानेवारी १९९१मध्ये आर्लिंग्टनच्या मतदारांपुढे एक प्रश्न ठेवण्यात आला. टेक्सास रेंजर्स या बेसबॉल संघाला नवं स्टेडियम हवं आहे. त्यासाठी शहरातल्या खरेदीवर डॉलरमागे अर्धा सेंट जादा विक्रीकर द्यायला तुम्ही तयार आहात का? अर्धा सेंट म्हणजे शंभर डॉलरच्या सामानावर पन्नास सेंट. होकार दिला नाही तर संघ दुसरीकडे जाईल, ही भीती घराघरात होती. मतदान झालं, आणि सुमारे ६५ टक्के लोकांनी होकार दिला.

त्या अर्ध्या सेंटाच्या भरवशावर १३.५ कोटी डॉलर उभे राहिले. स्टेडियमचा एकूण खर्च १९ कोटींच्या आसपास गेला, म्हणजे दोन तृतीयांशाहून मोठा भार शहरानं उचलला. जमिनीसाठी राज्यानं कायदा करून एक प्राधिकरण नेमलं आणि त्याला सक्तीनं भूसंपादन करण्याचा अधिकार दिला. एका कुटुंबाची तेरा एकर जमीन अशीच घेतली गेली. ते कुटुंब कोर्टात गेलं, तेव्हा ज्यूरीनं ठरवलेली भरपाई प्राधिकरणानं देऊ केलेल्या रकमेच्या कित्येक पट निघाली. त्या कायद्यावर सही होती डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांची. संघाच्या भागीदारांमधला सर्वांत ओळखीचा चेहरा होता जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचा, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुलाचा.

एप्रिल १९९४मध्ये स्टेडियम उघडलं. त्याच नोव्हेंबरात बुश यांनी रिचर्ड्स यांना हरवून टेक्सासचं गव्हर्नरपद मिळवलं. सरकारी मदतीवर जगणाऱ्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकावं, हा त्यांच्या प्रचारातला एक मुख्य मुद्दा होता. १९९८मध्ये संघ २५ कोटी डॉलरला विकला गेला. बुश यांनी त्यात सुमारे सहा लाख डॉलर घातले होते. हाती आले जवळपास दीड कोटी. संघाचं मोल इतकं वाढण्यात त्या नव्या स्टेडियमचा वाटा मोठा होता. म्हणजे आर्लिंग्टनमध्ये दूध, वह्या, मुलांचे बूट विकत घेणाऱ्या प्रत्येकानं त्या दीड कोटीत आपापला कण टाकला होता.

यातलं काहीही बेकायदेशीर नव्हतं. मला अस्वस्थ करतं ते नेमकं हेच. ज्या देशात शाळेतलं मोफत जेवण, आजारी माणसाचा विमा, बेकाराचा भत्ता या प्रत्येक गोष्टीवर ‘हा पैसा कुणाच्या खिशातून?’ असा प्रश्न निवडणुकीत गर्जून विचारला जातो, त्या देशात अब्जाधीशाच्या मैदानाचा खर्च जनतेच्या माथी सहज जातो. आणि तो जातो तो बहुतेक वेळा लोकशाही मार्गानं, मतदानानं किंवा लोकांनी निवडून दिलेल्या माणसांच्या हातून. अमेरिकी राजकारण, अर्थकारण आणि व्यावसायिक खेळ हे तीन वेगळे विषय मानायची आपल्याला सवय आहे. स्टेडियमच्या बिलावर मात्र तिघांच्या सह्या एकाच कागदावर दिसतात.

हे कसं घडतं ते समजण्यासाठी आधी अमेरिकेतली लीग समजून घ्यायला हवी. ‘फ्रँचायझी’ हा शब्द आपल्याकडे आयपीएलमुळे घरोघरी पोहोचला, पण त्याचं माहेर अमेरिका. युरोपातल्या फुटबॉलमध्ये खालच्या श्रेणीतला एखाद्या गावचा संघ जिंकत जिंकत वरच्या श्रेणीत येऊ शकतो. अमेरिकेत तो दरवाजाच नाही. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये ३२ संघ, बेसबॉलच्या मुख्य लीगमध्ये ३०, बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये ३०. नवा संघ घ्यायचा की नाही, हे आधीचे मालक ठरवतात, आणि संघाला गाव बदलायचं असेल तर परवानगीही तेच देतात. संघ मागणारी शहरं संघांच्या संख्येपेक्षा कायम थोडी जास्त राहतील, अशी ही व्यवस्था आहे. एखादं शहर नेहमी रिकामं असावं लागतं. त्या रिकाम्या शहराकडे बोट दाखवूनच भरल्या शहराकडून पैसे काढता येतात.

दुसऱ्या कुठल्या धंद्यात तीस मालकांनी एकत्र बसून असं ठरवलं असतं, तर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली त्यांना कोर्टात उभं राहावं लागलं असतं. बेसबॉलला त्यातून सूट मिळाली १९२२मध्ये. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी निकालात म्हटलं की बेसबॉलचे सामने भरवणं हा आंतरराज्य व्यापार ठरत नाही, म्हणून तो कायदा त्याला लागू होत नाही. संघ आगगाडीनं राज्याराज्यांत फिरत होते, तिकिटं विकली जात होती, तरीही. पुढे १९५३ आणि १९७२मध्ये न्यायालयानं हाच निकाल कायम ठेवला आणि बदल करायचा तर तो संसदेनं करावा असं सांगितलं. १९७२चा खटला कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूचा होता. बारा वर्षं सेंट लुईसकडून खेळल्यावर त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देण्यात आलं, तेव्हा त्यानं जायला नकार दिला आणि वर्षाच्या नव्वद हजार डॉलर पगारावर पाणी सोडलं. तो खटला ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. संघ शहरांना सोडून जाऊ शकत होते, खेळाडू संघाला सोडून जाऊ शकत नव्हता. खेळाडूंच्या संघटनेनं १९७५मध्ये लवादापुढे ती बेडी तोडली. शहरांना अशी संघटना आजतागायत मिळालेली नाही.

संसदेची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. १९६६मध्ये एनएफएलला आपल्या प्रतिस्पर्धी लीगबरोबर विलीन व्हायचं होतं आणि त्यासाठी मक्तेदारीविरोधी कायद्यातून सवलत हवी होती. लुईझियानाचे हेल बॉग्ज हे प्रतिनिधीगृहातले वजनदार डेमोक्रॅट आणि सिनेटमध्ये त्याच राज्याचे रसेल लाँग, या दोघांनी ते काम हाती घेतलं. बॉग्ज यांना त्या वर्षी पुन्हा निवडून यायचं होतं. सवलतीचं कलम एका करविषयक विधेयकाला जोडून ऑक्टोबरमध्ये मंजूर झालं. १ नोव्हेंबरला लुईझियानातल्या न्यू ऑर्लिन्सला नवा संघ जाहीर झाला, आणि आठवड्याभरात बॉग्ज निवडून आले. १ नोव्हेंबर हा दिवस ख्रिस्ती परंपरेतला सर्व संतांचा, म्हणून संघाचं नाव सेंट्स.

गावं सोडण्याची परंपरा त्याआधीच सुरू झाली होती. मिलवॉकीनं सरकारी पैशानं स्टेडियम बांधलं आणि १९५३मध्ये बोस्टनचा ब्रेव्ह्ज संघ तिकडे गेला. तिथली गर्दी बघून बाकीच्या मालकांचे डोळे उघडले. १९५७च्या मोसमानंतर न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा डॉजर्स संघ लॉस एंजेलिसला गेला. त्या वेळी ब्रुकलिनमध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा राहत होता, बर्नी सँडर्स नावाचा. पुढे सिनेटर झाल्यावर, २०२२मध्ये, बेसबॉलची १९२२ची सूट रद्द करण्याचं विधेयक त्यांनीच आणलं. ते मंजूर झालं नाही.

आता केंद्र सरकारच्या तिजोरीकडे वळू. शहर किंवा काउंटी रोखे काढून कर्ज उभारते, तेव्हा त्या रोख्यांच्या व्याजावर केंद्राचा आयकर लागत नाही. त्यामुळे गुंतवणूकदार कमी व्याजावर समाधान मानतात आणि शहराला कर्ज स्वस्त पडतं. ही सोय शाळा, पूल, पाण्याच्या नळांसाठी होती. खाजगी संघांची स्टेडियमंही तिच्या आडोशाला आली, तेव्हा न्यूयॉर्कचे सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १९८६च्या करसुधारणा कायद्यात ती वाट बंद करायचा प्रयत्न केला. नियम असा झाला की स्टेडियमच्या कर्जफेडीतला दहा टक्क्यांहून जास्त भाग स्टेडियमच्याच उत्पन्नातून येत असेल, तर करमाफी मिळणार नाही. अपेक्षा होती की इतकं नुकसान कुठलंही शहर सोसणार नाही आणि मालक आपापल्या पैशानं बांधतील. घडलं उलटंच. शहरांनी दहा टक्क्यांची अट पाळण्यासाठी उरलेले नव्वद टक्के विक्रीकर, हॉटेलवरचा कर, मोटारभाड्यावरचा कर अशा सार्वजनिक पैशातून भरायला सुरुवात केली. भाडं जेवढं कमी घ्याल तेवढं कर्ज स्वस्त, असं विचित्र गणित बसलं. १९९६मध्ये मॉयनिहन यांनी ती पळवाट बुजवणारं विधेयक आणलं, ते अडलं. २०१७च्या करविधेयकाच्या प्रतिनिधीगृहातल्या मसुद्यात ही माफी काढून टाकली होती. अंतिम कायद्यात ती परत आली. म्हणजे आयोवातल्या शेतकऱ्यानं कधीही न पाहिलेल्या स्टेडियमला त्याच्या आयकरातूनही टेकू मिळतो.

‘पण त्यातून रोजगार येतो, धंदा वाढतो,’ हे उत्तर प्रत्येक प्रचारात ऐकू येतं. अर्थशास्त्रज्ञांमध्ये डावे-उजवे असे वाद पुष्कळ आहेत, पण या एका प्रश्नावर त्यांचं जेवढं एकमत आहे तेवढं क्वचित कुठे दिसतं. शिकागो विद्यापीठाच्या बूथ स्कूलनं २०१७मध्ये नामवंत अर्थशास्त्रज्ञांना विचारलं, तेव्हा ८० टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं की स्टेडियमच्या अनुदानाचा करदात्यांवरचा बोजा स्थानिक फायद्यापेक्षा जास्त ठरण्याची शक्यता आहे. कारण समजायला अवघड नाही. चार जणांचं कुटुंब महिन्याला मौजमजेवर ठरावीक रक्कम खर्च करतं. ती स्टेडियममध्ये गेली की तेवढीच सिनेमाला, कोपऱ्यावरच्या हॉटेलला, बोलिंगला कमी जाते. पैसा गावातला गावातच फिरतो, फक्त हात बदलतो, आणि नव्या हातातून त्यातला बराचसा दुसऱ्या गावी राहणाऱ्या खेळाडूंकडे आणि मालकाकडे निघून जातो. शिवाय एनएफएलच्या संघाचे वर्षाला घरच्या मैदानावर आठ किंवा नऊ साखळी सामने होतात. उरलेल्या दिवसांत मैलभर पसरलेलं पार्किंग रिकामं असतं. सामन्याच्या दिवशी पॉपकॉर्न विकणाऱ्याला, झाडलोट करणाऱ्याला मिळणारं काम हंगामी आणि तासावर.

त्या पॉपकॉर्न विकणाऱ्याचीही गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकी कायद्याप्रमाणे संघ विकत घेणाऱ्याला खरेदीची किंमत पंधरा वर्षांत झिजत जाणारी मालमत्ता म्हणून दाखवता येते, एखाद्या यंत्रासारखी. प्रत्यक्षात संघाची किंमत वर्षागणिक वाढत जाते, पण कागदावर तोटा दिसतो आणि तो मालकाच्या बाकीच्या उत्पन्नातून वजा होतो. प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेनं २०२१मध्ये करपत्रकं तपासून तीन माणसांची तुलना छापली. २०१८मध्ये लॉस एंजेलिसच्या एकाच रिंगणाशी तिघांचा संबंध होता. बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सनं १२.४ कोटी डॉलर उत्पन्नावर ३५.९ टक्के केंद्रीय कर भरला. क्लिपर्स संघाचे मालक स्टीव्ह बामर यांनी ६५.६ कोटींवर १२ टक्के. आणि तिथल्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर काम करणाऱ्या एका बाईनं ४५ हजारांच्या आतल्या कमाईवर १४.१ टक्के. सगळ्यात कमी दर सगळ्यात श्रीमंत माणसाचा. न्यायानं सांगायचं तर बामर यांनी पुढे इंगलवूडमधलं आपलं नवं रिंगण खाजगी पैशानं बांधलं. ते २०२४मध्ये उघडलं. सॅन फ्रान्सिस्कोत वॉरियर्स संघानंही तसंच केलं. कॅलिफोर्नियातले मतदार आणि नगरसेवक नाही म्हणायला शिकले, तेव्हा मालकांना स्वतःचं पाकीट सापडलं. मैदानं सरकारी पैशाशिवाय उभीच राहू शकत नाहीत, हा दावा त्या दोन इमारती खोटा पाडतात.

मी उदारमतवादी बाजूनं लिहितो, आणि या प्रश्नात माझ्या बाजूचे हातही स्वच्छ नाहीत हे इथे लिहून ठेवायला हवं. अ‍ॅन रिचर्ड्स यांची सही वर आलीच आहे. २०२२मध्ये न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटिक गव्हर्नर कॅथी होकल यांनी बफेलो बिल्स संघाच्या स्टेडियमसाठी राज्याचे ६० कोटी डॉलर देऊ केले आणि स्थानिक ईरी काउंटीनं २५ कोटी. बफेलो हे देशातल्या गरीब शहरांपैकी एक; संघाचे मालक नैसर्गिक वायूच्या धंद्यातून अब्जाधीश झालेले. होकल यांना त्याच वर्षी निवडणूक लढवायची होती. संघ आपल्या कारकिर्दीत गेला, हा डाग कुठल्याही पक्षाच्या नेत्याला नको असतो. सार्वजनिक शाळेचं छत गळलं तर बातमी आतल्या पानावर येते. संघ गेला तर पुतळे जळतात. राजकारणी हा हिशेब करतात आणि त्यात त्यांना कर्ज फेडणारी पुढची तीस वर्षं दिसत नाहीत.

कधी कधी मतदारही हिशेब चुकता करतात. पुढे जॉर्जियातल्या अटलांटाला आलेला तोच ब्रेव्ह्ज संघ १९९६च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या मैदानात जेमतेम वीस वर्षं खेळला आणि मग शेजारच्या कॉब काउंटीत जायला निघाला. नोव्हेंबर २०१३मध्ये घोषणा झाली आणि अवघ्या दोन आठवड्यांत काउंटीच्या मंडळानं ४ विरुद्ध १ मतांनी सुमारे ३० कोटी डॉलरचा वाटा उचलायचं मान्य केलं. लोकांचं मत घेतलंच नाही. कॉब हा रिपब्लिकनांचा बालेकिल्ला होता. करवाढीच्या नावानं बोटं मोडणारे टी पार्टीवाले आणि पुरोगामी गट दोघंही विरोधात गेले. २०१६मध्ये मंडळाचे अध्यक्ष टिम ली आपल्याच पक्षाच्या प्राथमिक फेरीत हरले. मैदान मात्र बांधून होत आलं होतं.

सिएटलमध्ये उलटं झालं. २००६मध्ये तिथल्या जवळजवळ तीन चतुर्थांश मतदारांनी ठरवलं की शहरानं संघाला दिलेल्या पैशावर शहराला योग्य परतावा मिळालाच पाहिजे. दोन वर्षांनी सुपरसॉनिक्स हा बास्केटबॉल संघ ओक्लाहोमा सिटीला गेला, जिथे मतदारांनी डॉलरमागे एका सेंटाचा विक्रीकर मंजूर केला होता. एकेचाळीस मोसम सांभाळलेला संघ, १९७९चं विजेतेपद, बापानं मुलाला दाखवलेले सामने, हे सगळं एका उन्हाळ्यात संपलं. ती हळहळ खरी होती, तिला हसू नये. पुढे त्याच जागी खाजगी पैशानं रिंगण नव्यानं उभं राहिलं आणि २०२१मध्ये तिथे आइस हॉकीचा नवा संघ आला. नाही म्हणायची किंमत असते. हो म्हणायचीही असते, फक्त ती तीस वर्षांच्या हप्त्यांत विभागलेली असल्यामुळे दिसत नाही.

आर्लिंग्टननं हो म्हणायचं सोडलं नाही. २००२मध्ये तिथल्या मतदारांनी बससेवेसाठी पाव सेंट विक्रीकर द्यायला नकार दिला. असा नकार देण्याची ती तिसरी वेळ होती. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २००४मध्ये, ज्या दिवशी बुश राष्ट्राध्यक्षपदी पुन्हा निवडून आले त्याच दिवशी, त्याच मतदारांनी डॅलस काउबॉइज संघाच्या नव्या स्टेडियमसाठी ३२.५ कोटी डॉलर मंजूर केले. आणि नोव्हेंबर २०१६मध्ये, डोनाल्ड ट्रम्प निवडून आले त्या दिवशी, रेंजर्ससाठी आणखी एक स्टेडियम, या वेळी ५० कोटींपर्यंत. १९९४चं मैदान तेव्हा बावीस वर्षांचं होतं आणि धडधाकट होतं. त्याला वातानुकूलित छप्पर नव्हतं, एवढीच मुख्य तक्रार होती. डॅलस-फोर्ट वर्थ परिसरात आता मराठी कुटुंबंही मोठ्या संख्येनं आहेत. त्यांतलं एखादं आर्लिंग्टनच्या दुकानात दिवाळीच्या पणत्या घ्यायला थांबलं, तरी पावतीवरच्या करात स्टेडियमचा तो अर्धा सेंट असतो. विक्रीकराचं हेच वैशिष्ट्य आहे. महिन्याचा पगार महिन्यात संपणाऱ्या घराचं जवळजवळ सगळं उत्पन्न दुकानात खर्च होतं, त्यामुळे कराचा चिमटा त्यालाच जास्त बसतो. श्रीमंताचा मोठा पैसा शेअर बाजारात असतो, तिथे विक्रीकर पोहोचत नाही.

बससेवेला नकार आणि मैदानाला होकार, यावरून आर्लिंग्टनच्या माणसांना नावं ठेवणं सोपं आहे. मला ते योग्य वाटत नाही. मैदानाच्या बाजूनं प्रचार करायला संघ लाखो डॉलर ओततात, जुने खेळाडू घरोघरी पत्रकं वाटतात. बसच्या बाजूनं कोण बोलणार? शिवाय संघाचे हिशेब मतदाराला कुणी दाखवत नाही. मोठ्या लीगमध्ये दरवर्षी आपला ताळेबंद लोकांपुढे मांडणारा जुना अपवाद एकच, विस्कॉन्सिनमधला ग्रीन बे पॅकर्स. तो १९२३पासून लोकांच्या मालकीचा आहे आणि आज त्याचे पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. तो शहर सोडून जाईल अशी धमकी कुणी देऊ शकत नाही. एनएफएलच्या नियमांनुसार आता असा दुसरा संघ निर्माण होऊ शकत नाही. लोकांची मालकी हा खेळाच्या धंद्याला न पेलणारा प्रकार आहे, असं म्हणणाऱ्यांनी पॅकर्सची विजेतेपदं मोजावीत.

शेवटी कॅन्सस सिटीची गोष्ट, कारण या सगळ्या गाठी तिथे एकत्र येतात. हे शहर दोन राज्यांच्या सीमेवर पसरलेलं आहे. मोठा भाग मिसुरीत, उरलेला कॅन्सस राज्यात. मिसुरीच्या बाजूला जॅक्सन काउंटीत एकाच आवारात दोन मैदानं आहेत. फुटबॉलच्या चीफ्सचं अ‍ॅरोहेड १९७२चं, बेसबॉलच्या रॉयल्सचं १९७३चं. त्यांच्या डागडुजीसाठी २००६मध्ये मतदारांनी डॉलरमागे तीन अष्टमांश सेंट कर मंजूर केला होता, २०३१पर्यंतचा. २०२४मध्ये दोन्ही संघांनी तो आणखी चाळीस वर्षं चालू ठेवायची मागणी केली. रॉयल्सना क्रॉसरोड्स या भागात नवं मैदान हवं होतं. तिथे छोटी दुकानं, कलादालनं, दारूच्या लहान भट्ट्या होत्या, आणि त्यांपैकी कितीतरी जागा त्या नकाशाखाली येत होत्या. नकाशा जाहीर झाला तो मतदानाच्या काही आठवडे आधी.

काउंटीचे प्रमुख होते फ्रँक व्हाइट. हा माणूस कॅन्सस सिटीतच लहानाचा मोठा झाला. तरुणपणी रॉयल्सचं स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांमध्ये तो होता, आणि मग त्याच स्टेडियममध्ये अठरा वर्षं खेळला. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठी आठ गोल्ड ग्लव्ह, १९८५चं विजेतेपद, मैदानाबाहेर त्याचा पुतळा. त्या माणसानं हा प्रस्ताव मतपत्रिकेवर ठेवायलाच नकाराधिकार वापरून विरोध केला. करदात्यांसाठी हा सौदा वाईट आहे असं त्याचं म्हणणं होतं. काउंटीच्या विधिमंडळानं नकाराधिकार मोडून काढला. ज्या मैदानाच्या विटा आपण रचल्या, ज्यानं आपल्याला नाव दिलं, त्याच्या मालकांना नाही म्हणणं याला मी धैर्य म्हणतो.

फेब्रुवारीत चीफ्सनी सलग दुसऱ्या वर्षी सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. शहर लाल रंगात न्हाऊन निघालं. प्रचारासाठी याहून अनुकूल मुहूर्त कुठल्याच संघाला मिळाला नसेल. भाडेकरूंची केसी टेनंट्स ही संघटना दारोदार फिरून घरभाडी आणि बससेवेबद्दल बोलत होती, क्रॉसरोड्सचे दुकानदार खिडक्यांत फलक लावत होते. २ एप्रिल २०२४ला मतदान झालं. ५८ टक्के मतदारांनी नाही म्हटलं. रविवारी चीफ्सची जर्सी घालून ओरडणाऱ्या हजारो माणसांनी त्या मंगळवारी मालकाला नकार दिला. प्रेम आणि हिशेब एकाच माणसाच्या मनात शेजारी शेजारी राहू शकतात, हे त्या दिवशी अमेरिकेतल्या प्रत्येक मालकाला कळलं.

मग सीमेपलीकडचं राज्य पुढे झालं. जून २०२४मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळानं स्टेडियमच्या खर्चाच्या ७० टक्क्यांपर्यंत रोखे काढायची मुभा देणारा कायदा केला. परतफेड त्या भागात पुढे जमा होणाऱ्या विक्रीकरातून. जून २०२५मध्ये मिसुरीनं विशेष अधिवेशन बोलावून निम्म्या खर्चाची तयारी दाखवली. महिन्याभरापूर्वी सेंट लुईसमध्ये टोर्नेडोनं घरं उद्ध्वस्त केली होती, त्या लोकांच्या मदतीचा विषयही त्याच अधिवेशनात होता. सप्टेंबरमध्ये घरपट्टीच्या वाढीव आकारणीवरून पेटलेल्या रागात फ्रँक व्हाइट यांना मतदारांनी पदावरून परत बोलावलं. २२ डिसेंबर २०२५ला कॅन्ससमधल्या विधिमंडळ नेत्यांच्या समितीनं एकमतानं मंजुरी दिली, आणि डेमोक्रॅटिक गव्हर्नर लॉरा केली यांच्या शेजारी उभं राहून चीफ्सच्या मालकांनी जाहीर केलं की २०३१च्या मोसमापासून संघ कॅन्ससमध्ये, नव्या छतबंद स्टेडियममध्ये खेळेल. या निर्णयावर लोकांचं मत घेतलं गेलं नाही.

तोवर सामने अ‍ॅरोहेडवर होतील. २००६मध्ये मंजूर झालेला तीन अष्टमांश सेंटही जॅक्सन काउंटीच्या दुकानांत २०३१पर्यंत कापला जाणार आहे.